अभाव, काटकसर आणि संयम : मराठी गद्यातील वस्तुविचार

१

पर्यावरणाच्या प्रश्नाची चर्चा आता अरण्ये, नद्या आणि वन्य प्राणी यांच्यापुरती मर्यादित राहिलेली नाही. ती स्वयंपाकघरापर्यंत, कपड्यांच्या कपाटापर्यंत आणि केराच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. अशा वेळी वस्तू जपून वापराव्यात, अन्न टाकू नये, मोडलेले दुरुस्त करावे, गरजेपेक्षा अधिक घेऊ नये, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. मराठीत हा उपदेश करताना एक विधान हटकून केले जाते : ‘आपली जुनी जीवनपद्धती मुळातच साधी होती, तिच्याकडे परत गेले की पुरे.’

हे विधान साहित्याच्या अभ्यासकाने तपासून पाहण्याजोगे आहे. जुन्या जीवनपद्धतीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा साहित्यात आहे. आणि हा पुरावा एकसुरी नाही. एकाच फाटक्या वस्त्राकडे, एकाच शिळ्या भाकरीकडे मराठीतील निरनिराळे लेखक निरनिराळ्या जागांवरून पाहतात. प्रस्तुत लेखात अभाव, काटकसर आणि संयम या तीन संकल्पनांच्या आधारे काही मराठी गद्यकृतींचा विचार करावयाचा आहे. वस्तू नसणे म्हणजे अभाव; असलेली वस्तू पुरवून वापरणे म्हणजे काटकसर; आणि अधिक मिळण्याजोगे असतानाही ते न घेणे म्हणजे संयम. बाह्यतः या तिन्ही अवस्थांतील वर्तन सारखे दिसते. तिघांच्याही अंगावर ठिगळ लावलेला कपडा असू शकतो. परंतु त्यांचा नैतिक अर्थ एक नाही, आणि हा भेद पुसून टाकला की पर्यावरणविषयक उपदेश पोकळ ठरतो.

२

प्रथम भाषेचाच पुरावा पाहणे इष्ट होईल. मराठीत काटकसर आणि कंजूषपणा यांत स्पष्ट भेद केलेला आहे. काटकसरी माणसाविषयी आदर, तर चिक्कू, कद्रू, कवडीचुंबक माणसाविषयी उपहास व्यक्त होतो. आचार्य अत्रे यांनी मोलियरच्या कंजूष नायकाला मराठी रंगभूमीवर आणले तेव्हा ‘कवडीचुंबक’ हा रूढ शब्दच त्यांना शीर्षकासाठी मिळाला. कंजूष वस्तू वापरतच नाही; काटकसरी माणूस ती पुरेपूर वापरतो. म्हणजे मराठी भाषकाच्या मनात काटकसरीचे नाते न वापरण्याशी नसून नीट वापरण्याशी आहे.

‘पुरणे’ या क्रियापदाचा विचार या संदर्भात उद्बोधक ठरतो. वस्तू पुरते किंवा पुरत नाही. तिचे प्रयोजक रूप ‘पुरवणे’. या रूपाला दोन अर्थ आहेत : मागणाऱ्याला हवी ती वस्तू आणून देणे हा एक, आणि आहे ती वस्तू शेवटपर्यंत टिकेल अशा बेताने वापरणे हा दुसरा. महिन्याचे धान्य पुरवून वापरणारी गृहिणी दुसऱ्या अर्थाने पुरवते. आधुनिक अर्थव्यवहारात ‘पुरवठा’ या नामाने पहिला अर्थ व्यापून टाकला, आणि दुसरा अर्थ घरगुती बोलीपुरता उरला. मागणीप्रमाणे पुरवठा वाढवावयाचा, की आहे त्या पुरवठ्यात मागणी बसवावयाची, हा आजच्या पर्यावरणविचारातील कळीचा प्रश्न मराठीतील एका क्रियापदाच्या पोटात दडलेला आहे, असे म्हणता येईल.

‘टाकाऊ’ आणि ‘टिकाऊ’ ही जोडी अशीच लक्षणीय आहे. एक शब्द ‘टाकणे’पासून आला, दुसरा ‘टिकणे’पासून. टिकणे हा वस्तूचा गुण आहे; टाकणे ही मात्र माणसाची कृती आहे. कोणतीही वस्तू स्वतःहून टाकाऊ नसते. कोणीतरी ती टाकावयाचे ठरवतो, तेव्हा ती टाकाऊ होते. ‘खाऊन माजावे, टाकून माजू नये’ ही म्हण हेच सांगते. ती खाण्यावर बंधन घालत नाही. टाकण्यात मात्र ‘माज’ आहे, म्हणजे नासाडी हा अहंकाराचा एक प्रकार आहे, असे ती बजावते. ही म्हण ज्याच्याजवळ टाकण्याइतके आहे, त्यालाच उद्देशून आहे. उलट ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ज्याचे अंथरूण अपुरे आहे, त्याला उद्देशून आहे. संयमाचा आणि अभावाचा उपदेश लोकभाषेने असा वेगवेगळ्या म्हणींत ठेवला आहे.

३

जुने जीवन सर्वस्वी काटकसरीचे होते, या समजुतीला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राने (१९३४–३६) पहिला धक्का बसतो. आरंभीच येणारे वडिलांच्या सोवळ्याचे चित्र सर्वपरिचित आहे. बाजारातून आलेला जिन्नस, धान्यापासून मिठासाखरेपर्यंत, धुवून घेण्याचा त्यांचा हट्ट लक्ष्मीबाईंनी विनोदाने रंगविला आहे. या विनोदाखाली एक गंभीर वस्तुस्थिती आहे. शुद्धतेच्या कल्पनेपायी पाणी, अन्न आणि श्रम यांची नासाडी होत होती, आणि ते श्रम घरातील स्त्रियांचे होते. परंपरेत जपणुकीचे संस्कार होते, तसे नासाडीचेही संस्कार होते, हे या एका चित्रावरून स्पष्ट होते.

पुढे टिळकांच्या संसारात दुसरा ताण दिसतो. रेव्हरंड टिळक हाती आलेले देऊन टाकणारे, उद्याचा हिशेब न करणारे. संसार पुरवण्याची जबाबदारी मात्र लक्ष्मीबाईंवर. टिळकांची निरिच्छता हा संयम मानला, तर त्या संयमाचे रोजचे ओझे कोण उचलते, असा प्रश्न लक्ष्मीबाईंचे निवेदन न विचारताही उपस्थित करते. साध्या राहणीचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही. राखेने भांडी घासणे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे, लुगड्याचा विरलेला भाग काढून दंड घालणे, शिळ्या पोळीला फोडणी देऊन ती पुन्हा पानात वाढणे, न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला आणि अळूला मिळेल असा पाट काढणे, जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेणे, कल्हईवाल्याकडून पितळी भांड्यांचे आयुष्य वाढवून घेणे : ही सारी कामे वस्तूचे आयुष्य वाढवणारी होती, आणि पर्यावरणाच्या आजच्या कसोटीवरही ती उतरतात. परंतु त्यांतील घरातील बहुतेक कामे वेळखाऊ असून ती बाईच्या न मोजलेल्या श्रमांवर उभी होती. आज त्या सवयींचे पुनरुज्जीवन करावयाचे, तर त्या श्रमांची वाटणीही नव्याने करावी लागेल. एरवी ‘साधी राहणी’ हे स्त्रियांच्या कामात घातलेल्या भरीचे नाव ठरेल.

४

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये (१९३५) काटकसरीचे वेगळे रूप आढळते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाकडे संस्कारकथा म्हणून पाहिले जाते. परंतु वस्तूंच्या दृष्टीने वाचले असता ते एका कर्जबाजारी होत जाणाऱ्या घराचा दस्तऐवज ठरते. एकेकाळी सुस्थितीत असलेले कुटुंब हळूहळू अभावाकडे सरकते, आणि या उतरणीवर आई प्रत्येक वस्तूला मान देत राहते.

‘पत्रावळ’ या प्रकरणात श्याम पान लावावयास शिकतो. पत्रावळ ही वस्तू पर्यावरणाच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष म्हणावी लागेल. झाडाचे पान, चोय, हाताचे कसब. जेवण झाल्यावर ती मातीत मिसळते. मात्र गुरुजींचा भर तिच्या मातीत मिसळण्यावर नसून ती स्वतः लावता येण्यावर आहे. ज्या वस्तूवर जेवावयाचे, ती कशी होते हे ठाऊक असणे, हा तेथील संस्कार आहे. आजच्या समारंभांत थर्माकोलच्या आणि प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी पत्रावळी आल्या, तेव्हा आकार आणि नाव तेच राहिले; मातीशी असलेले आणि हाताशी असलेले नाते मात्र तुटले. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांबरोबरच थर्माकोलच्या ताटवाट्यांवरही बंदी घातली. परंतु ‘वापरा आणि फेका’ ही वृत्ती अधिसूचनेने जात नाही, याचा प्रत्यय त्यानंतरच्या काळात आला आहे.

‘आनंदाची दिवाळी’ या प्रकरणात वडिलांचे धोतर फाटलेले असते, आणि आई भाऊबिजेच्या पैशांतून त्यांच्यासाठी नवे धोतर आणविते. या प्रसंगात नवी वस्तू घेण्याचा आनंद गुरुजींनी मोकळेपणाने रंगविला आहे. जुने जपणे हा श्यामच्या आईचा धर्म आहे, परंतु फाटके नेसणे हा तिला आदर्श वाटत नाही. काटकसरीचा हेतू वस्तूची जपणूक हा जसा आहे, तसा माणसाचा मान राखणे हाही आहे. हा दुसरा हेतू पर्यावरणविषयक लेखनात बहुधा विसरला जातो.

५

अभाव आणि साधेपणा यांची गल्लत सर्वप्रथम आणि सर्वांत ठामपणे नाकारली ती जोतीराव फुले यांनी. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या घराचे, अंथरूण-पांघरुणाचे आणि अन्नाचे बारकाईने वर्णन केले आहे. त्या घरात टाकण्याजोगे काही नाही. नासाडीचे प्रमाण हीच साधेपणाची कसोटी मानली, तर हे घर आदर्श ठरेल. फुले मात्र त्या वर्णनातून दारिद्र्याची कारणमीमांसा करतात : सारा, सावकारी, नोकरशाही आणि भटशाही यांनी शेतकऱ्याला ओरबाडले आहे. लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे शेतकरी कर्जबाजारी होतो, या तत्कालीन आरोपाचाही ते प्रतिवाद करतात. सुस्थितीतील माणसाने गरिबाला काटकसर शिकवावी, या प्रवृत्तीतील ढोंग त्यांनी ओळखले होते.

लक्षणीय बाब ही की, निसर्गातील देवाणघेवाणीची जाणही याच ग्रंथात आहे. डोंगरावरील झाडांचा पालापाचोळा कुजून पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येतो व जमीन सुपीक करतो, याकडे फुले लक्ष वेधतात; जंगलखात्याने गावांची चराऊ राने बंद केल्याबद्दल ते संताप व्यक्त करतात; पाणी अडवून जमिनीत मुरविण्यासाठी बंधारे घालण्याच्या सूचना करतात. ज्याला नंतरच्या काळात पर्यावरणदृष्टी म्हटले गेले, ती येथे आहे. पण ती न्यायदृष्टीपासून अलग केलेली नाही. निसर्गाची नासाडी आणि माणसाची लूट ही एकाच व्यवस्थेची दोन फळे आहेत, असे ‘असूड’ सुचवितो.

६

दलित आत्मकथनांत हा प्रश्न अधिक तीव्रतेने येतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या कृतींत इतरांनी टाकलेल्या वस्तूंवर जगणाऱ्या समाजाचे चित्रण आहे. उरलेले अन्न, मेलेले जनावर, अंगावरून उतरलेला कपडा : गावाच्या दृष्टीने जे संपलेले, ते महारवाड्याच्या दृष्टीने सुरू होते. यंत्रासारख्या कोरड्या नजरेने पाहिले, तर येथे काहीच वाया जात नाही. परंतु ही व्यवस्था वाया घालवीत होती ती माणसांना.

म्हणूनच १९२७ च्या महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टेमाष्टे अन्न सोडून देण्याचे आवाहन केले, तेव्हा ते आवाहन मुक्तीचा उद्घोष ठरले. ‘अन्न टाकू नये’ हे मूल्य आणि ‘टाकलेले अन्न घेऊ नये’ हे मूल्य, वरवर परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ती एकाच न्यायाची दोन टोके आहेत. ज्याच्या पानात जास्त आहे, त्याने आधीच बेताने वाढून घ्यावे. उरलेले दुसऱ्याला देऊन आपली नासाडी पुण्यात मांडू नये. मंगल कार्यालयांतील उरलेल्या अन्नाच्या वाटपाविषयी आज जे बोलले जाते, त्यात हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. न स्पर्शिलेले ताजे अन्न गरजूंपर्यंत वेळेवर आणि सन्मानाने पोहोचविणे निराळे, आणि अमर्याद पंगत घालून उरलेल्याची विल्हेवाट लावणे निराळे.

‘बलुतं’मधील मुंबईच्या कावाखान्याचे वर्णन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. रस्त्यावरील चिंध्या, कागद, काच, लोखंड वेचून, निवडून विकणाऱ्या स्त्रिया तेथे भेटतात. महानगराचा केर पुन्हा वापरात आणण्याचे काम त्या करीत होत्या. त्या कामाला ना नाव होते ना मान. पुढे १९९३ मध्ये पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. केर वेचणाऱ्या स्त्रियांनी आपण वेचतो त्या वस्तूंची नावे आणि ‘कष्टकरी’ हा शब्द संघटनेच्या नावात एकत्र गुंफला, ही घटना भाषेच्या अभ्यासकालाही महत्त्वाची वाटावी. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन नागरिकांवर घातले. हे काम केवळ नियमपालन म्हणून पाहिले, तर कंटाळवाणे वाटते. परंतु मिसळलेल्या केरात हात घालणारा हात कोणाचा आहे, हे ‘बलुतं’ वाचलेल्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

७

अभावातून आलेला माणूस संयमाची भाषा बोलू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) चरित्रात मिळते. हातात खराटा, डोक्यावर गाडगे किंवा खापर, अंगावर चिंध्यांचे वस्त्र : अभावाची ही चिन्हे त्यांनी स्वतः निवडून धारण केली, आणि त्यांचा अर्थ पालटून टाकला. लोकांकडून आलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र खापर पुरेसे मानले. कीर्तनांतून ते ऋण काढून सण आणि लग्ने करणाऱ्यांना फटकारीत, देवापुढे पशू मारण्याला विरोध करीत, जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, पण मुलांना शिकवा, असे सांगत.

फुल्यांनी नाकारलेला आरोप आणि गाडगेबाबांचा उपदेश यांत विसंगती आहे काय? बोलणाऱ्याची जागा ध्यानात घेतली, तर ती उरत नाही. फुल्यांचा प्रतिवाद आहे तो दारिद्र्याचे खापर दरिद्री माणसावरच फोडणाऱ्यांशी. गाडगेबाबा बोलतात ते आपल्याच माणसांच्या भल्यासाठी, आणि वाचवलेला पैसा कोठे जावा हेही सांगतात. त्यांच्या उपदेशात भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, गरीब मुलाला शिक्षण यांचा आग्रह आहे. म्हणजे ज्यांच्याजवळ आहे त्यांना संयम आणि ज्यांच्याजवळ नाही त्यांना पुरवठा, अशी ही दुहेरी मांडणी आहे. केवळ पहिला भाग घेणारा साधेपणा अपुरा आहे.

महात्मा गांधींच्या एकादश व्रतांतील अपरिग्रह या व्रताचा आशय असाच आहे. विनोबा भाव्यांनी ही व्रते ‘अभंगव्रते’ या रचनेतून मराठीत आणली. अपरिग्रहाचा अर्थ गरज नसलेला संचय न करणे. आणि या विचारसरणीत अस्तेय त्याच्या शेजारी येते. आपल्याला नको असलेली वस्तू अडवून ठेवणे हे दुसऱ्याच्या वाट्याचे घेणे आहे, अशी ही भूमिका. पुढील पिढ्यांच्या वाट्याचे पाणी, माती आणि हवा यांना ती लागू केली की ती आजच्या पर्यावरणविचाराशी येऊन मिळते.

८

अलीकडील मराठी पर्यावरणलेखनात दिलीप कुलकर्णी यांच्या ‘निसर्गायण’ व ‘दैनंदिन पर्यावरण’ या पुस्तकांना या परंपरेच्या संदर्भात वाचता येते. अभियंत्याची नोकरी सोडून दापोलीजवळ कुडावळे येथे साध्या राहणीचा प्रयोग करणाऱ्या या लेखकाने पर्यावरणाचा प्रश्न परिषदांतून उचलून दिनचर्येत आणून ठेवला. पाणी किती, वीज किती, कपडे किती, प्रवास कशासाठी, असे त्यांच्या लेखनाचे प्रश्न आहेत. या लेखनाचे बळ असे की ते निवडीतून आलेल्या संयमाविषयी बोलते, आणि ज्यांच्यासमोर निवड आहे अशा मध्यमवर्गीय वाचकाला उद्देशून बोलते. अभावाचे उदात्तीकरण न करता संयमाची मागणी करावयाची, तर वाचकाचे हे भान अपरिहार्य ठरते.

या भानाने पाहता रोजच्या सवयींचा क्रमही ठरविता येतो. जुनी वस्तू पुन्हा वापरणे चांगले; परंतु नको असलेली वस्तू मुळात न घेणे त्याहून चांगले. कापडी पिशवी एकदाच वापरून कपाटात ठेवली, तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीहून निर्दोष ठरत नाही, कारण तिच्या कापसाला पाणी आणि जमीन लागलेली असते. ती शेकडो वेळा वापरली जाण्यातच तिचे सार्थक आहे. फोडणीची पोळी करणे चांगले. पोळ्या मोजून लाटणे त्याहून चांगले. दुरुस्ती करणाऱ्या चांभाराला, शिंप्याला, कल्हईवाल्याला योग्य मोबदला देणे हाही पर्यावरणाचाच भाग आहे. कारण कारागीर टिकला तरच वस्तू टिकते.

९

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. मराठी साहित्यात साध्या राहणीची एकच एक परंपरा नाही. लक्ष्मीबाई टिळक तिच्यातील स्त्रीश्रमाकडे लक्ष वेधतात. साने गुरुजी तिला मानाशी जोडतात. फुले आणि दलित आत्मकथनकार अभावाला साधेपणा म्हणण्यास नकार देतात. गाडगेबाबा संयमाला दानाची आणि शिक्षणाची जोड देतात. ‘पूर्वीकडे परत चला’ या घोषणेत हे सारे आवाज बसत नाहीत. पूर्वीचे सर्व काही परत आणावयाचे नाही. वस्तूविषयीचा आदर परत आणावयाचा आहे, आणि माणसाविषयीचा अनादर मागेच सोडावयाचा आहे.

पदव्युत्तर वर्गात या कृती स्वतंत्रपणे शिकविल्या जातात : एक आत्मचरित्र म्हणून, एक संस्कारकथा म्हणून, एक सामाजिक निबंध म्हणून, एक दलित आत्मकथन म्हणून. वस्तू हे सूत्र धरून त्या एकत्र वाचल्या, तर गोधडी, पत्रावळ, धोतर, खापर, उष्टे अन्न यांसारख्या सामान्य वस्तूंतून समाजाची रचना दिसू लागते. प्रादेशिक कादंबरी, स्त्रियांची ओवी आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने यांचाही असा अभ्यास होणे अगत्याचे आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आजवर ज्याचे अंथरूण अपुरे त्यालाच ऐकविली गेली. पृथ्वी हे सर्वांचे एकच अंथरूण आहे, हे मान्य केल्यास ही म्हण प्रथम कोणाला ऐकवावी, याचा निर्णय करणे कठीण नाही. ज्याचे पाय सर्वांत लांब पसरले आहेत, त्यानेच ते आधी आवरून घेतले पाहिजेत.